जीवदयेचे व्रती शेठ मोतीशा

भायखळ्याचे आदीश्वर मंदिर व शत्रुंजयावरील टूंक यांमुळे मुंबईचे जहाजमालक शेठ मोतीशा अमीचंद (१७८२–१८३६) यांचे नाव अजरामर झाले. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा पारशी बांधव संतापून रस्त्यावर उतरले व शहरात दंगल उसळली. दंगल शमली, परंतु बेवारस कुत्री व थकलेली गुरे निराधारच राहिली. शेठजींनी जमशेटजी जीजीभाई यांच्यासमवेत १८३४ साली भुलेश्वर परिसरात पांजरपोळाची स्थापना करून त्यांना आसरा दिला. टूंकेची प्रतिष्ठा पाहणे शेठजींच्या भाग्यी नव्हते. पांजरपोळाचे कार्य मात्र त्यांच्या हयातीतच सुरू झाले. घरच्या लाडक्या प्राण्यावर सारेच माया करतात. ज्याला घरच नाही त्याच्यावर माया करणे, हीच खरी जीवदया होय.