कोतारो होंडा आणि भट्टीतला तराजू

मोरचूद तापवले की आधी त्याचा निळा रंग जातो. स्फटिकात अडकलेले पाणी उडते आणि पांढरी भुकटी उरते. आच वाढवत नेली, की साधारण सहाशे-सातशे अंश सेल्सिअसला ही भुकटीही फुटते. गंधकाचे वायू निघून जातात आणि तळाशी काळे कॉपर ऑक्साइड राहते. हिराकसाचेही तसेच, फक्त शेवटी उरते ते तांबडे लोह ऑक्साइड. किमयागारांना हे जुन्या काळापासून माहीत होते. हिराकस भाजूनच ते गंधकाम्ल मिळवत. पण यातली कोणती पायरी किती तापमानाला सुरू होते आणि किती वेगाने पुढे सरकते, हे सांगणे अवघड होते. ते वजन करून दाखवणारे साधन बनवले जपानच्या कोतारो होंडा यांनी.

होंडा यांचा जन्म १८७० चा, आजच्या ओकाझाकी शहराच्या परिसरातल्या शेतकरी कुटुंबातला. तोक्योत ते भौतिकशास्त्र शिकले आणि चुंबकत्वाकडे वळले. १९०७ मध्ये जर्मनीला गेले. तिथे गॉटिंगेनला टामान यांच्या प्रयोगशाळेत त्यांना धातूंच्या अभ्यासाची गोडी लागली. १९११ मध्ये परतल्यावर सेंदाई इथल्या नव्या तोहोकू विद्यापीठात ते प्राध्यापक झाले.

तोवर रीत अशी होती: पदार्थ तापवायचा, थंड करायचा, मग तोलायचा. यात गोम अशी, की पाणी गमावलेले सल्फेट थंड होताना हवेतला ओलावा पुन्हा शोषून घेते. शिवाय दोन वजनांच्या मधे काय घडले, ते कळतच नाही. होंडा यांनी १९१५ मध्ये तराजूच भट्टीला जोडला. दांडी क्वार्ट्झची, कारण ती उष्णतेने फारशी प्रसरण पावत नाही. एका बाजूला चिनीमातीच्या नळीवर नमुना, तो थेट विजेच्या भट्टीत. दुसऱ्या बाजूला पोलादी स्प्रिंग. दांडीची सूक्ष्म हालचाल आरशाच्या मदतीने वाचायची. तापमान अगदी सावकाश, तासन् तास चढवत न्यायचे. या उपकरणाला त्यांनी थर्मोबॅलन्स म्हणजे उष्मातुला असे नाव दिले.

पहिल्या नमुन्यांत मँगनीज सल्फेट होते. पाण्याचे चार रेणू धरून बसलेले हे सल्फेट १०० ग्रॅम घेतले, तर पाणी गेल्यावर सुमारे ६८ ग्रॅम उरते. त्यानंतर बराच वेळ वजन हलत नाही. मग आठशे अंशांच्या आसपास सल्फेट फुटते आणि शेवटी जेमतेम ३४ ग्रॅम ऑक्साइड हाती लागते. आलेखावर या पायऱ्या स्पष्ट दिसतात. तापवताना वजन करण्याचे प्रयत्न आधीही झाले होते आणि होंडा यांनी ते लपवले नाही. आपले सगळे निष्कर्ष नवे नाहीत. बदल नेमका कुठे होतो आणि किती वेगाने, एवढे या तराजूने दाखवले, असे त्यांनी लिहिले. एवढ्या मोठ्या कामाबद्दल इतके मोजके बोलणारे शास्त्रज्ञ विरळच.

तरी त्यांची कीर्ती झाली ती दुसऱ्याच कामाने. पहिल्या महायुद्धात परदेशी माल मिळेनासा झाला आणि चांगल्या चुंबकांची निकड भासू लागली. १९१७ मध्ये होंडा आणि ताकागी यांनी कोबाल्ट मिसळलेले केएस पोलाद तयार केले. ही आद्याक्षरे संशोधनाला पैसा देणाऱ्या किचिझाएमोन सुमितोमो यांची. हे चुंबक त्या काळच्या चुंबकांपेक्षा कितीतरी पटींनी चिवट होते. पुढे होंडा तोहोकू विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये त्यांना जपानचा संस्कृती सन्मान पहिल्याच वर्षी मिळाला. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

चुंबकांच्या बाबतीत पुढे त्यांच्याहून सरस मिश्रधातू आले. तराजू मात्र टिकला. आरशाच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे आणि आलेख संगणक काढतो, पण तत्त्व तेच. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांतही हे उपकरण वापरतात, कारण तिथे स्फटिकातल्या पाण्याचा प्रश्न थेट मात्रेशी जोडलेला असतो. रक्तक्षयावर दिल्या जाणाऱ्या फेरस सल्फेटचेच पाहा. पाण्याचे सात रेणू असलेल्या फेरस सल्फेटमध्ये लोह सुमारे २० टक्के, तर वाळवलेल्या प्रकारात ३० टक्क्यांहून अधिक असते. म्हणून ३०० मिलिग्रॅमची पहिली गोळी आणि २०० मिलिग्रॅमची दुसरी, दोन्हींतून शरीराला लोह मिळते ते जवळपास सारखेच, साठ-पासष्ट मिलिग्रॅम.