डॅशिएल हॅमेट : हेराचा लेखक

रहस्यकथा वाचण्याची हौस आमच्या विद्यार्थ्यांस पुष्कळ. परंतु ज्यानें आधीं स्वतः हेराची नोकरी केली व मग हेराच्या कथा लिहिल्या, त्याचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असेल.

डॅशिएल हॅमेट याचा जन्म इ. स. १८९४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील मेरीलँड प्रांतीं झाला. घरची गरिबी, म्हणून लहानपणींच शाळा सोडून त्यास मिळेल तें काम पत्करावें लागलें. १९१५ सालीं बाल्टिमोर येथें पिंकर्टन या नामांकित खाजगी हेर-संस्थेंत त्यास नोकरी मिळाली. एखाद्या इसमाच्या मागें त्याच्या नकळत फिरणें, आणि जें पाहिलें तेवढेंच साध्या शब्दांत कचेरीस कळविणें, हें त्याचें काम. त्याच्या लेखनांत पुढें शब्दांची जी काटकसर दिसते, तिचें मूळ मला तरी या अहवालांत आढळतें. पहिल्या महायुद्धांत तो सैन्यांत शिरला; पण तेथें इन्फ्लुएन्झा आणि पाठोपाठ क्षय यांनीं त्यास गांठलें. पाठलाग करण्याजोगें शरीर उरलें नाहीं, तेव्हां सान फ्रान्सिस्को येथें बायकोमुलांच्या पोटासाठीं १९२२ पासून तो मासिकांत कथा लिहूं लागला. ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त मासिकानें त्याचें नांव केलें.

त्याचा हेर म्हणजे कोणी अलौकिक बुद्धीचा पुरुष नव्हे, तर पगारासाठीं राबणारा, थकलेला नोकर. बहुतेक कथांत त्यास नांवसुद्धां नाहीं! १९३० सालच्या ‘द माल्टीज फाल्कन’ या कादंबरींतील सॅम स्पेड तर, मन जिच्यावर जडलें त्याच स्त्रीस, तिनें आपल्या भागीदाराचा खून केला म्हणून, पोलिसांच्या हवालीं करतो. १९४१ सालीं जॉन ह्यूस्टन यानें तिचा बोलपट काढला. अंधुक दिवे आणि लांब सावल्या यांच्या अशा चित्रपटांस पुढें ‘फिल्म नुआर’ हें फ्रेंच नांव पडलें, व त्याच वळणावर १९५८ ते १९६१ या काळांत अमेरिकेंत ‘पीटर गन’ ही दूरचित्रवाणी-मालिका चालली.

१९३४ नंतर मात्र त्याच्या हातून एकही कादंबरी झाली नाहीं. मद्यपानानें त्याचें फार नुकसान केलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तरीही १९४२ सालीं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, तो पुनः सैन्यांत गेला, व अल्यूशियन बेटांवर त्यानें शिपायांसाठीं वर्तमानपत्र चालविलें.

त्याचा ओढा साम्यवादी पक्षाकडे होता. तीं मतें कोणास पटोत वा न पटोत. १९५१ सालीं, ज्या जामीन-निधीचा तो विश्वस्त होता त्यास पैसे देणाऱ्यांचीं नांवें न्यायालयानें विचारलीं, तीं त्यानें सांगितलीं नाहींत. जन्मभर दुसऱ्यांचीं गुपितें हुडकणारा हा मनुष्य, गुपित राखण्यासाठीं सुमारें पांच महिने तुरुंगांत राहिला. सुटून आल्यावर मिळकत थांबलेली, आणि सरकारी कराची थकबाकी डोक्यावर.

ता. १० जानेवारी १९६१ रोजीं न्यूयॉर्क येथें तो वारला. दोन महायुद्धांत शिपाई म्हणून चाकरी केल्यामुळें आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमींत त्यास जागा मिळाली.