रसम, पांघरूण आणि न आलेली पत्रं

केंब्रिजमधला पहिलाच हिवाळा. ट्रिनिटी कॉलेजच्या खोलीत श्रीनिवास रामानुजन शेगडीला अगदी चिकटून बसले होते. भेटायला आलेले प्रशांतचंद्र महालनोबिस (पुढे आपल्याकडच्या संख्याशास्त्राचे प्रणेते झाले तेच, तेव्हा शेजारच्या किंग्ज कॉलेजात शिकत होते) यांनी सहज विचारलं की, रात्री ऊब पुरेशी मिळते ना? रामानुजन म्हणाले, नाही, थंडी वाजते. ओव्हरकोट घालून, वर शाल गुंडाळून झोपतो. महालनोबिस आत जाऊन पाहतात तर पलंगावर पुरेशी ब्लँकेट्स होती. पण इंग्रजी पद्धतीप्रमाणे ती गादीखाली घट्ट खोचलेली. ती उलगडून आत शिरायचं असतं, हे रामानुजनना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आपले वरच्या सैल चादरीखाली कुडकुडत पडायचे.

हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत कमी दिसते. घर सोडून परदेशी गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी जे छळतं ते असंच असतं: पांघरूण कसं घ्यायचं, काय खायचं, कुणाशी बोलायचं.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोडचा, लहानपण कुंभकोणमचं. वडील साडीच्या दुकानात कारकून. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर खर्डेघाशी करणाऱ्या या तरुणाने जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना पत्र लिहिलं आणि पुढचं सगळं घडलं. समुद्र ओलांडणं वैष्णव ब्राह्मण घराला मान्य नव्हतं; आई कोमलताम्माळ यांच्या होकारानंतरच निघणं झालं. निघण्याआधी शेंडी उतरवली गेली. आई आणि कोवळ्या वयाची पत्नी जानकी यांना ते आधीच गावी पोहोचवून आले होते. १७ मार्च १९१४ ला मद्रासहून जहाज सुटलं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

चारच महिन्यांत महायुद्ध पेटलं. ट्रिनिटीच्या आवारात जखमी सैनिकांचं इस्पितळ उभं राहिलं, लिटलवूडसारखे सहकारी युद्धकामावर गेले. समुद्रात पाणबुड्या फिरू लागल्या आणि मध्येच घरी एक फेरी मारून यावं, ही वाट बंद झाली.

रामानुजन कट्टर शाकाहारी. कॉलेजच्या स्वयंपाकघरावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून खोलीतच गॅसवर हाताने रांधायचे. मद्रासहून पार्सलं येत, पण ताजी भाजी युद्धाच्या दिवसांत मिळणं कठीण. त्याहून वाईट म्हणजे जेवायला सोबत कुणी नाही. कॉलेजातली माणसं एकमेकांना भेटायची ती मोठ्या भोजनगृहात, आणि हे नेमके तिथेच नसायचे. मग जेवणाची वेळच राहिली नाही. तीस-तीस तास सलग काम, मग वीस तास झोप. कधी दिवसातून एकदा खाणं, कधी तेही नाही. ज्यांची मुलं शिकायला बाहेर गेली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. बॅगेत मेतकूट भरून देता येतं, पंगत देता येत नाही.

एकदा त्यांनी चटर्जी नावाच्या मित्राला आणि त्याच्या वाग्दत्त वधूला जेवायला बोलावलं. स्वतः रसम केलं. रसम म्हणजे आपल्या साराचा भाऊ. पाहुण्यांनी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा नको म्हटलं. थोड्या वेळाने पाहतात तर यजमान खोलीत नाहीत. ते थेट टॅक्सी करून ऑक्सफर्डला निघून गेले होते. काही दिवसांनी पाच पौंड पाठवा, अशी तार आली. तऱ्हेवाईकपणा म्हणून हे सोडून देता येईल. पण महिनोन्महिने एकट्याने जेवणाऱ्या माणसाने एक दिवस घर मांडलं होतं, आणि ते पाहुण्यांना आवडलं नाही, असं त्याला वाटलं असणार.

घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकाला जुनंच ठाऊक आहे. योहान्स होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेलला त्यावर प्रबंध लिहिला आणि त्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडून ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. आज आपण तो जुनी गाणी ऐकताना वापरतो. तेव्हा ते रोगाचं नाव होतं. आज त्याला स्वतंत्र रोग मानत नाहीत. पण भूक मरते, झोप उडते, मन सतत मागे धावतं, हे खरंच आहे. आणि न खाणारं, न झोपणारं शरीर दुसऱ्या दुखण्याला लवकर वश होतं.

१९१७ च्या वसंतात रामानुजन आजारी पडले. पुढची दोन वर्षं एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेली. डॉक्टरांना मुख्य संशय क्षयाचा. त्या काळी क्षयावर उपाय म्हणजे मोकळी हवा, म्हणजे खिडक्या सताड उघड्या. थंडीने आधीच पिचलेल्या माणसाला ही शिक्षाच होती, आणि रुग्णालयातलं अन्न तर घशाखाली उतरत नव्हतं.

घरी ते नियमित लिहितात, असा ट्रिनिटीतल्या मंडळींचा पुष्कळ दिवस समज होता. तसं नव्हतं. सासू-सुनेचं पटत नव्हतं. जानकींची पत्रं आई मध्येच अडवायच्या. त्यामुळे पत्नी लिहीत का नाही, हे रामानुजनना कळेना. हार्डींनी त्यांच्यासाठी खूप केलं, पण दोघांच्या बोलण्यात गणित असायचं. घरचं काय, हे विचारणं हार्डींच्या संकोची स्वभावात बसत नव्हतं आणि आपणहून सांगणं रामानुजन यांच्या.

१९१८ च्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. एका कर्मचाऱ्याच्या प्रसंगावधानाने ते वाचले. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा इंग्लंडात गुन्हा होता; हार्डींनी धाव घेऊन त्यांना सोडवलं. (आज आपल्याकडे अशा वेळी बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो घरातल्या सगळ्यांना ठाऊक असावा.) त्याच वर्षी मे महिन्यात ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले, ऑक्टोबरात ट्रिनिटीचे. बहुमानांनी उभारी आली, काही काळ.

२७ मार्च १९१९ ला ते मुंबई बंदरात उतरले. न्यायला आई आणि भाऊ आले होते. त्यांनी पहिल्यांदा चौकशी केली ती जानकींची. त्या आल्या नव्हत्या.

घरी परतल्यावर सगळं ठीक होतं, असं आपण धरून चालतो. इथे तसं झालं नाही. शरीर पार खंगलं होतं, घरातले ताण होते तसेच होते. १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग या अभ्यासकाने जुन्या नोंदी तपासून मांडलं की, दुखणं क्षय नसून बहुधा यकृतातला अमिबाचा संसर्ग होता. तरुणपणी झालेल्या आमांशाचे जंतू वर्षानुवर्षं दबा धरून बसले असावेत. तसं असेल तर त्याचं निदान तेव्हा अवघड होतं, पण उपचार होते.

अखेरच्या वर्षात मात्र जानकी जवळ होत्या. तू बरोबर असतीस तर मी आजारी पडलो नसतो, असं ते त्यांना म्हणत. त्या वेळेवर भात, लिंबाचं सरबत, ताक द्यायच्या. पाय आणि छाती दुखू लागली की शेकायच्या. अंथरुणावरून गणित चालूच होतं. २६ एप्रिल १९२० ला मद्रासमध्ये, ३२ व्या वर्षी, ते गेले. जानकी पुढे ७४ वर्षं जगल्या. शेकायचं पाणी ज्यात तापवायच्या ती दोन भांडी त्यांनी म्हातारपणापर्यंत जपून ठेवली होती.