गणिताकडून जीवसृष्टीकडे : दामोदर धर्मानंद कोसंबी

वत्सगुल्म हे आपल्या वाशीमचे प्राचीन नाव. येथील वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. बुद्धाचे चरित्र आणि विचार ज्यांनी मराठी वाचकांच्या घरी पोहोचविले, त्या धर्मानंद कोसंबींच्या पुत्राचे चरित्र या स्मरणिकेसाठी आम्ही मुद्दाम निवडले आहे. अभियांत्रिकी शिकलेली आमची मुले आज मेंदूच्या व पेशींच्या गणिती प्रतिमानांकडे वळू पाहतात, आणि हातची वाट सोडावी का, असा प्रश्न पालकांना पडतो.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला निघालेल्या वडिलांबरोबर ते १९१८ साली अमेरिकेस गेले. तेथेच १९२९ साली त्यांनी उच्च श्रेणीत पदवी मिळविली. यंत्र आणि मज्जासंस्था यांच्या नियंत्रणाचे एकच शास्त्र पुढे मांडणारे नॉर्बर्ट वीनर हे त्यांचे तेथील स्नेही. बनारस व अलीगढ येथे शिकवून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले. धर्मानंदांनी पूर्वी पाली शिकविली ते हेच महाविद्यालय.

कोसंबींचा मूळ विषय भूमिती. पण जुनी नाणी तराजूत तोलून, चलनात झिजलेल्या वजनावरून त्यांचा काळ ठरविता येईल का, या जिज्ञासेने ते संख्याशास्त्रात शिरले, आणि तेथून आनुवंशिकीत.

तो प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांसारखी ओळीने असतात. बीजपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात. दोन जनुके जितकी दूर, तितकी ती विलग होण्याची शक्यता अधिक. परंतु दोहोंच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती मोजणीत दिसतच नाही. हॉल्डेन यांनी १९१९ साली यावर सूत्र दिले. त्यात एक अदलाबदल दुसरीला अडवीत नाही असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती अडविते, जवळ फार आणि दूर कमी. हा अडथळा हिशेबात घेणारे सूत्र कोसंबींनी १९४४ साली प्रसिद्ध केले. शंभरांत वीस संततींत जनुके विलग दिसली, तर हॉल्डेन यांच्या हिशेबाने अंतर सुमारे साडेपंचवीस एकके येते, कोसंबींच्या हिशेबाने एकवीसच्या थोडे वर. प्रयोगशाळेत माशीही न पाळता, केवळ कागदावर केलेले हे काम आहे! आपल्या शेतातील सोयाबीन, तूर, कापूस यांचे जनुकीय नकाशे आजही बहुधा याच सूत्राने आखले जातात.

त्याआधी १९४३ साली त्यांनी गुंतागुंतीच्या चढउतारांतून मुख्य आकृतिबंध वेगळे काढण्याची रीत मांडली होती. ती पुढे कार्हुनेन व लोएव्ह यांच्या नावाने रूढ झाली. अभियंते ती प्रवाहांच्या अभ्यासात वापरतात. मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदी उलगडण्यासही ती उपयोगी पडली. शोधाला त्यांचे नाव लागले नाही, याची खंत आम्हांला वाटते.

मात्र सीमा ओलांडण्याची किंमतही त्यांनी मोजली. १९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने जात-येत. रीमानचे गृहीतक संभाव्यताशास्त्राने सिद्ध केल्याचा त्यांचा १९५९ चा दावा टिकला नाही. तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून त्यांनी टीकाकारांना आयते निमित्त दिले, असे आमचे मत आहे. १९६२ साली संस्थेने त्यांची मुदत वाढविली नाही. तोवर इतिहास, भर्तृहरी, पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरील सूक्ष्माश्मे असे कितीतरी विषय त्यांनी जवळ केले होते.

वडिलांनी १९४७ साली सेवाग्रामला, आपल्याच विदर्भात, देह ठेवला. दामोदर २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच गेले. वय अवघे अठ्ठावन्न. अविभाज्य संख्यांवरील त्यांचे लेखन तेव्हाही चालूच होते.