झाडांचा प्रतिसाद मोजणारे शास्त्रज्ञ : जगदीशचंद्र बोस

बांधावरच्या लाजाळूला हात लावला की तिची पाने लगेच मिटतात. कपाशीला किंवा ज्वारीला हात लावला तर काहीच होताना दिसत नाही. मग या पिकांना काहीच कळत नाही का? सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न ज्यांनी प्रयोगाने सोडवायला घेतला, त्या जगदीशचंद्र बोस यांची ओळख आज करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

बोस यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी मैमनसिंग येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील सरकारी अधिकारी होते, तरी त्यांनी मुलाला इंग्रजी शाळेऐवजी गावच्या बंगाली शाळेत घातले. तिथे शिपायाची आणि कोळ्याची मुले त्यांच्या शेजारी बसत. त्यांच्याकडून प्राणी-पक्ष्यांच्या गोष्टी ऐकतच त्यांना निसर्गाची गोडी लागली.

कोलकाता आणि केंब्रिज येथे शिकून 1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना युरोपियन प्राध्यापकांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला. त्यांनी तीन वर्षे पगार घेतलाच नाही, पण शिकवणे थांबवले नाही. शेवटी पूर्ण पगार थकबाकीसह मिळाला. 1895 मध्ये त्यांनी बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली.

विजेकडून वनस्पतींकडे

पुढे ते वनस्पतींकडे वळले. चिमटा, उष्णता, विजेचा धक्का किंवा रसायन यांमुळे साध्या भाजीपाल्यातही विजेचा सूक्ष्म बदल होतो, असे त्यांना प्रयोगात दिसले. 1901 मध्ये त्यांनी हे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. तिथल्या नामवंत शरीरशास्त्रज्ञांनी विरोध केला आणि त्यांचा निबंध छापला गेला नाही. वाद घालत बसण्यापेक्षा बोस यांनी अधिक नाजूक उपकरणे बनवायला घेतली.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उपकरण म्हणजे क्रेस्कोग्राफ. झाडाची वाढ इतकी सावकाश असते की डोळ्यांना दिसत नाही. या उपकरणातील तरफा ती वाढ सुमारे 10,000 पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर ठिपक्यांनी उमटवत. खत, रसायन किंवा थंडी-उष्णतेचा वाढीवर होणारा परिणाम काही मिनिटांत दिसू लागला.

1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. 1920 मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

काय टिकले, काय टिकले नाही

त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढे मान्य झाले नाहीत. खोडातील पेशींच्या ठोक्यांमुळे पाणी वर चढते, हे त्यांचे मत शास्त्राने स्वीकारले नाही. झाडाला आपल्यासारख्या वेदना होतात, असेही त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध होत नाही. मात्र वनस्पतींमध्ये विद्युत संकेत धावतात, हे आज सर्वमान्य आहे.

आपल्या शेतासाठी धडा

पीक मान टाकते तेव्हा आपल्याला ताण दिसतो. पण पाणी कमी पडू लागले की पानांची वाढ त्याआधीच मंदावलेली असते. म्हणून मान टाकेपर्यंत थांबू नका. हाताने मातीची ओल तपासा आणि नवीन पाने व शेंडे यांची वाढ दर काही दिवसांनी पाहत जा.

दुपारी ज्वारीची पाने सुरळीसारखी वळतात, सोयाबीनची पाने उलटून खालची फिकट बाजू दिसते. पाणी वाचवण्यासाठी पिकाने दिलेला हा प्रतिसाद असतो. अशा वेळी घाईने फवारणी करू नका. संध्याकाळी पीक सावरले का, ते पाहा. सकाळीही सुकलेलेच दिसले तर ओल तपासा. ओल पुरेशी असेल तर एखादे झाड उपटून मुळे पाहा, मुळकूज किंवा मर असू शकते.

बोस यांच्याकडे क्रेस्कोग्राफ होता. आपल्याकडे रोजची शेतफेरी आहे, ती चुकवू नका.