काचेतली जिवंत पेशी : डॉ. कमल रणदिवे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा गच्चीवरच्या कोजागिरीबद्दल लिहावं असं मनात होतं. पण ते इतर जण लिहितीलच. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून एका शास्त्रज्ञ बाईंबद्दल लिहिते. त्या आपल्या जिल्ह्यात येऊन काम करून गेल्या आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही. मलाही नव्हता. मी तेव्हा अकोले तालुक्यातच नोकरीला होते, हे सांगताना आज जरा लाज वाटते.

डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. हुजूरपागेतून फर्ग्युसनला गेल्या, वनस्पतिशास्त्र घेतलं, आणि १९३९ साली लग्न केलं ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी. १९४३ ची एम.एस्सी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातली, विषय सीताफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रं. आपण सीताफळाच्या बिया थुंकून मोकळे होतो, बाई त्या झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होत्या!

पुढे मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम, १९४९ ला पीएच.डी. मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत. माणसाच्या कॅन्सरच्या ज्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या, त्या १९५१ साली याच गायसाहेबांनी वाढवल्या.

पेशी शरीराबाहेर वाढवायच्या म्हणजे काय, ते जरा सांगते. शरीराइतकी ऊब हवी, खाऊ घालायला द्रव हवा. तो तेव्हा बाजारात मिळत नसे. कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळाच्या नाळेतलं रक्त, असलं सगळं जमवून हाताने तयार करायचं. आणि स्वच्छता कशी, तर लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू न देण्याच्या शंभरपट. एक जंतू शिरला की सगळं वाया. ही विद्या शिकून कमलताई परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली.

याचं मोल मला पुस्तकातून कळलं नाही. २०१६ साली मला छातीत गाठ लागली. गणपती होऊ देत, मग दिवाळी होऊ दे, मग पेपर तपासून होऊ देत, असं करत मी पाच महिने घालवले. वर्गात पेशीविभाजन शिकवणारी बाई मी! ऑपरेशन झालं. त्या दिवसांत बी विंगच्या जिन्यावरून डबे वर यायचे, ते मी विसरलेले नाही. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना मी गळ घातली आणि त्यांनी मला माझीच स्लाइड दाखवली. गुलाबी-जांभळ्या रंगात वेड्यावाकड्या मोठ्या पेशी, आणि त्यांच्या भोवती गर्द निळे, बारीक गोल ठिपके, मोहरी सांडावी तसे. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, शरीराचे स्वतःचे शिपाई. गाठीपर्यंत पोचले होते तर!

पण ते तिथे लढत होते की नुसते उभे होते? स्लाइडवरून ते नीट सांगता येत नाही. तो ऊतकाचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मेलेला असतो. लढाई बघायची तर दोन्ही बाजू जिवंत हव्यात, काचेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली. आज शास्त्रज्ञ तसं बघतात. शिपाईपेशी कॅन्सरच्या पेशीला चिकटते, आतल्या विषाच्या पुरचुंड्या नेमक्या चिकटलेल्या बाजूला आणते, समोरच्या पेशीला भोकं पाडते, आणि ती मरायला लागली की सुटून दुसरीकडे जाते. हे दिसू शकतं ते पेशी काचेत जगवण्याच्या त्या विद्येमुळेच.

कमलताईंचं स्वतःचं काम मुख्यतः वेगळं होतं. उंदरांमधला स्तनाचा कॅन्सर. संप्रेरकं आणि गाठीचा विषाणू यांचा त्याच्याशी असलेला संबंध. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केलं, त्यातून पुढे लस निघाली. ज्या कुष्ठरोग्यांचे शिपाई जंतूसमोर गप्प बसतात त्यांना जागं करायचं, हाच त्या लसीमागचा विचार. १९६४ साली मेडिकल कौन्सिलने त्यांना पहिलं 'रौप्य महोत्सवी' संशोधन पारितोषिक दिलं, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. आपल्या अंकाला हा योगायोग बरा सापडला. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी इतर स्त्री-शास्त्रज्ञांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. १९८२ ला पद्मभूषण. त्यांची संस्था आता खारघरला आहे. २०२३ साली देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती मंजूर झाली, त्यात टाटा मेमोरियल आणि आयआयटी मुंबई होते. त्यात रुग्णाचेच शिपाई बाहेर काढून, शिकवून परत सोडतात. सध्या ती काही रक्ताच्या कॅन्सरसाठीच आहे, माझ्यासारखीला नाही.

निवृत्त झाल्यावर, १९८९ च्या सुमारास, त्या सत्यनिकेतन संस्थेबरोबर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणाची माहिती गोळा करत होत्या. गावातल्या बायकांना आरोग्याचं सांगत होत्या. पद्मभूषण बाई, आणि काम काय, तर मुलांच्या पोटात काय जातं ते बघायचं. राजूरकडून येणारी मुलं माझ्या वर्गात होती. दुपारनंतर ती पेंगायची आणि मी ओरडायचे. का पेंगतात, हे मी कधी विचारलं नाही.

हे सगळं मला कळलं ८ नोव्हेंबर २०२१ ला, नातीने मोबाइलवर गूगलचं चित्र दाखवलं तेव्हा. आजी, ही बघ सूक्ष्मदर्शकवाली बाई, असं म्हणत आली होती. कमलताई २००१ साली गेल्या. आपल्या सोसायटीची नोंदणीही त्याच वर्षीची.

माझ्या स्लाइड मी परत मागून आणल्या आहेत. जुना सूक्ष्मदर्शकही घरी आहे, आरसा जरा डागाळलाय पण चालतो. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच असते. मुलांना घेऊन या, मोठ्यांनीही या. निळे ठिपके कुठे आहेत ते मी दाखवीन.