शून्याचा उलगडा

अमेरिकेतील आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे एका वकिलाच्या घरी ७ सप्टेंबर १९१४ रोजी जेम्स व्हॅन ॲलन यांचा जन्म झाला. विजेची उपकरणे घरीच जुळविण्याचा त्यांना बालपणापासून छंद होता. महायुद्धात आरमारी सेवा बजावल्यावर ते आयोवा विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. अंतराळातून अहोरात्र पृथ्वीवर येणारे विश्वकिरण मोजणे, हा त्यांचा ध्यास होता.

मोठ्या अग्निबाणांना लागणारे द्रव्य विद्यापीठापाशी नव्हते. म्हणून त्यांनी फुग्याला छोटा अग्निबाण टांगून तो उंच हवेतून उडविण्याची युक्ती योजिली. १९५२ साली ग्रीनलंडजवळच्या समुद्रात जहाजावरून फुगे सुटले. परंतु पहिले दोन अग्निबाण पेटलेच नाहीत. तीव्र थंडीने आतील घड्याळ गोठत असावे, हे व्हॅन ॲलन यांनी ताडले. त्यांनी संत्र्याच्या रसाचे डबे तापवून त्या घड्याळाशेजारी ठेवले आणि सारे नीट गुंडाळले. तिसरा अग्निबाण झेपावला! विज्ञानाच्या मदतीस स्वयंपाकघरही धावून येते ते असे.

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर १, अवकाशात गेला. त्यात व्हॅन ॲलन यांचे गायगर गणकयंत्र होते. आदळणारा प्रत्येक कण ते मोजी. खालच्या उंचीवर मोजणी अपेक्षेप्रमाणे होती. फार उंचावर मात्र ती चक्क शून्यावर येई. यंत्र बिघडले, की तेथे विश्वकिरणच नाहीत? मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर ३ मध्ये संपूर्ण प्रदक्षिणेची नोंद फितीवर ठेवण्याची सोय होती. त्या नोंदीत आकडे भराभर चढत, मग एकाएकी शून्य होत, आणि काही वेळाने पुन्हा तसेच चढलेले दिसत.

तेव्हा त्यांचे विद्यार्थी कार्ल मॅकिलवेन यांनी तसेच यंत्र प्रखर क्ष-किरणांसमोर धरले. यंत्र शून्य दाखवू लागले! कणांचा मारा इतका प्रचंड असला, की गणकयंत्राला दोन कणांमध्ये सावरण्यास उसंतच मिळत नाही. म्हणजे ते शून्य रितेपणाचे नसून अतिरेकाचे होते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युत्भारित कण अडकून पडतात आणि उत्तर-दक्षिण हेलकावे घेत राहतात. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा शोध जाहीर केला. असे दोन पट्टे पृथ्वीभोवती आहेत, हे त्याच वर्षाअखेर दिसून आले.

डिसेंबर १९७३ मध्ये त्यांचे उपकरण पायोनियर १० यानातून गुरूपाशी पोहोचले. तेथील पट्टे पृथ्वीच्या पट्ट्यांहून कितीतरी प्रखर निघाले. ९ ऑगस्ट २००६ रोजी व्हॅन ॲलन यांचे निधन झाले. २०१२ साली पृथ्वीच्या पट्ट्यांत सोडलेल्या दोन उपग्रहांना त्यांचेच नाव देण्यात आले, आणि ते उपग्रह २०१९ पर्यंत मोजणी करीत राहिले.